श्यामची आंघोळ

मार्वेच्या धक्क्यावरून होडीने खाडी ओलांडली की मनोरी लागते. बृहन्मुंबईच्या हद्दीत असूनही पाण्याने अलग राखलेले हे कोळ्यांचे आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचे गाव. तेथील एखाद्या मुलाच्या हाती साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ दिले तर त्याला त्यात काय सापडेल? कोकणची माती, माड-पोफळी त्याच्या ओळखीची असतील. गरिबीही अनोळखी नसेल. परंतु सोवळेओवळे पाळणारी, कर्जात बुडालेल्या खोताच्या घरातील ती आई त्याची नव्हे. त्याची आई टोपली घेऊन बाजारात बसणारी असण्याचा संभव अधिक.

त्यातच पुस्तकात एक प्रसंग असा आहे, की त्यापाशी प्रामाणिक वाचकाने थांबलेच पाहिजे. एका म्हाताऱ्या महार स्त्रीला लाकडाची मोळी डोक्यावर चढवता येत नाही. शिवायचे कोणी, म्हणून मदतीला कोणी जात नाही. श्यामची आई मुलाला सांगते, की जा, तिला मोळी उचलून दे, आणि मग घरी येऊन आंघोळ कर. गावाला न जुमानता मुलाला पाठवणारी ही आई थोर खरीच. पण ती आंघोळ? गेली कित्येक वर्षे आपल्याकडे या प्रसंगाचे दोनच प्रकारे वाचन होत आले. एकाने मोळीपाशी डोळे पुसायचे आणि आंघोळीकडे पाहायचे नाही. दुसऱ्याने आंघोळ पाहायची आणि पुस्तकच फेकून द्यायचे. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाने पहिल्या प्रकाराला मोठेच बळ दिले. १९५४ साली त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि श्यामची आई ही महाराष्ट्राच्या अश्रूंची मिरास होऊन बसली.

योगायोग असा, की त्याच १९५४ साली अमेरिकेतील ग्रंथपालांनी आपल्या एका आवडत्या बाललेखिकेच्या नावे पदक सुरू केले. लॉरा इंगल्स वाइल्डर तिचे नाव. १८६७ साली जन्मलेल्या या शेतकरी बाईने वयाच्या पासष्टीत, १९३२ मध्ये, पहिले पुस्तक प्रसिद्ध केले आणि नव्या वस्तीवर गेलेल्या आपल्या कुटुंबाची कथा पुढे आठ भागांत सांगितली. मंदीने होरपळलेल्या अमेरिकेला त्या स्वावलंबी घराची भुरळ पडली. मात्र कॅन्सासमधले ते घर ओसेज जमातीच्या राखीव भूमीवर बांधलेले होते. पुढे डाकोटात तिच्या वडिलांनी जी जमीन मिळवली, तीही १८६२ च्या कायद्याखाली सरकारने दिलेली. सरकारने मूळ रहिवाशांकडून घेतलेली भूमी वाटायची आणि ती घेणाऱ्यांनी स्वावलंबनाचे गोडवे गायचे, असा हा प्रकार. लिखाणावर संस्कार करणारी तिची मुलगी रोझ वाइल्डर लेन ही तर रूझवेल्टच्या लोककल्याणाच्या योजनांची कडवी विरोधक होती!

तिच्या एका पुस्तकातील एक वाक्य मूळ रहिवाशांना माणसांत मोजतच नव्हते. १९५२ मध्ये एका वाचकाने प्रकाशकाला पत्र लिहून ते दाखवून दिले. लेखिकेने चूक मान्य केली आणि ‘माणसे’ या शब्दाच्या जागी ‘वसाहतकरी’ हा शब्द घातला गेला. शब्द सुधारला, दृष्टी तीच राहिली. अखेर २०१८ मध्ये ग्रंथपालांनी पदकावरून तिचे नाव काढले. पुस्तकांवर बंदी घातली नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. त्या निर्णयात उतावीळपणा नव्हता.

मग गुरुजींच्या पुस्तकालाही हाच न्याय का लावू नये? लावावा. पण तो लावताना लेखकाने पुढे काय केले, तेही पाहावे लागेल. येथे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहून झाले. दिवसा तुरुंगातील कामे आणि उरलेल्या वेळात लेखन. त्याच नाशिकमध्ये, तुरुंगाच्या भिंतीबाहेर, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० मध्ये सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह अजून चिघळत होता आणि देवळाचे दार बंदच होते. आतला कैदी आईची आठवण लिहीत होता, ती जशी होती तशी, आंघोळीसकट. आईला शोभा यावी म्हणून त्याने ते वाक्य गाळले नाही. गाळले असते तर पुस्तक आज अधिक निर्दोष दिसले असते, आणि खोटे झाले असते.

चौदा वर्षांनी त्या वाक्याची परतफेड झाली. हरिजनांना विठ्ठलाचे दार खुले व्हावे म्हणून गुरुजींनी प्रथम महाराष्ट्रभर दौरा काढला, सेवा दलाचे कलापथक बरोबर घेतले, गावोगावची मंदिरे उघडवली, आणि मग १ मे १९४७ रोजी पंढरपूरच्या तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले. ते दहा दिवस चालले, तेव्हा बडव्यांचा विरोध नमला. डॉ. आंबेडकर तोवर मंदिरप्रवेशाच्या पलीकडे गेलेले होते आणि सवर्णाच्या उपोषणाने दलितांची मुक्ती होत नाही, हा आक्षेपही खोडून काढता येण्यासारखा नाही. तरी एवढे खरे, की उपोषण दलितांच्या नव्हे, सवर्णांच्या शुद्धीसाठी होते. आंघोळीची गरज कोणाला आहे, याचे उत्तर श्यामने बदलून टाकले होते.

हे सांगितल्यावाचून केवळ पुस्तक वाटणे म्हणजे अर्धे गुरुजी वाटणे होय. २४ डिसेंबरला पालगडच्या या शिक्षकाची जयंती येते, ठिकठिकाणी प्रती वाटल्या जातात, छायाचित्रे निघतात. मनोरीसारख्या गावी जाणाऱ्या कार्यकर्त्याने प्रत देण्याआधी मोळीचे प्रकरण मोठ्याने वाचावे, आंघोळीपाशी थांबावे आणि मुलांना बोलू द्यावे. मुले चिडली तर चिडू द्यावीत. दुसऱ्या दिवशी पंढरपूरची हकीकत सांगावी.

अमळनेरच्या वसतिगृहात असताना गुरुजी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. त्याला ना छापखाना लागे ना देणगी. तसा एक कागद खाडीपलीकडच्या मुलांच्या हाती द्यावा. पहाटे होडीची वाट पाहणाऱ्या, मासळी निवडणाऱ्या, रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या आपल्या आयांविषयी ती मुले आपल्या बोलीत काय लिहितात, ते आधी वाचावे आणि शुद्धलेखनाची लाल पेन्सिल घरीच ठेवून यावी.