‘त्याची’ म्हणजे कोणाची?

एस्क्यूएल ही भाषा आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ साली मांडली, ती संगणकतज्ज्ञ नसलेल्यांनाही साठवलेल्या माहितीला प्रश्न विचारता यावेत म्हणून. म्हणजे आम्हा वाणिज्यवाल्यांसाठीच, असे म्हणायला हरकत नाही. पण तिच्यातल्या ‘कोरिलेटेड सबक्वेरी’ची व्याख्या पाठ करून आम्ही दोन गुण मिळवतो आणि पुढे जातो, हे मला धोक्याचे वाटते.

भोपाळला एम्सजवळच्या बाग सेवनियात माझ्या मामांचे किराणा दुकान आहे. त्यांच्या उधारीच्या वहीचेच उदाहरण घेऊ. ज्या गिऱ्हाइकाचे बिल त्याच्या स्वतःच्या सरासरीहून फुगले, त्याच्याकडे मामा जरा निरखून बघतात. भरल्या घराला २,००० रुपयांचे बिल नेहमीचेच. खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला ते डोईजड. हाच प्रश्न संगणकाला विचारायचा, तर बाहेरची क्वेरी एकेक बिल पुढे करते आणि आतली त्याच गिऱ्हाइकाची सरासरी काढते. टेबल दोन्हीकडे एकच, म्हणून त्याला आत व बाहेर निराळी नावे द्यावी लागतात. नाही दिली, तर आतला ग्राहक स्वतःशीच जुळतो आणि हाती येते साऱ्या दुकानाची सरासरी.

कारण नियम असा, की कॉलमचे नाव आधी आतल्या टेबलात शोधायचे, तिथे नसेल तर बाहेरच्या. मराठीतला ‘आपला’ काय किंवा कन्नडमधला ‘तन्न’ काय, कोणाचा ते आपण संदर्भाने ओळखतो. यंत्राजवळ नुसता नियम.

तोच नियम दुसऱ्या बाजूने कसा उलटतो पाहा. उधारीच्या टेबलात ‘ग्राहक क्रमांक’ आहे. वसुलीच्या टेबलात त्यालाच ‘खाते क्रमांक’ म्हटले आहे. कोणी हुकूम सोडला की, ज्यांचा ग्राहक क्रमांक वसुलीतल्या ग्राहक क्रमांकांत सापडेल त्यांची उधारी खोडा. आत तो कॉलमच नाही. यंत्र तो बाहेरून उचलते, प्रत्येक नोंद तिच्या स्वतःशीच ताडून पाहते, आणि वसुलीत एक जरी नोंद असली तरी सगळ्यांची उधारी साफ! चुकीची सूचना येत नाही, कारण भाषेच्या लेखी चूक झालेलीच नाही. आतल्या कॉलमआधी वसुलीच्या टेबलाचे नाव लिहिले असते, तर यंत्राने तिथेच अडवले असते.

म्हणून प्राध्यापकांना माझी विनंती आहे : सबक्वेरीत टेबलाचे नाव न लावता कॉलम लिहिणाऱ्याचा, उत्तर बरोबर आले तरी, एक गुण कापावा. रोजकीर्दीत खात्याचे नाव गाळून नुसती रक्कम मांडली, तर आपण गुण देत नाहीच. वर्गमित्र यावर मला शिव्या घालतील, मराठीत आणि कन्नडमध्येही.