चुकलेला बाण कोण दाखवणार?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला मुले असलेल्या घरांत 'जीटी' हा शब्द नवा नाही. खाली दिवा, वर काच, काचेवर मित्राची तयार शीट आणि तिच्यावर आपला कोरा कागद. रात्रीतून आकृती 'पूर्ण' होते. याबद्दल मुलांना दोष देणे सोपे आहे. परंतु त्या शीटवर काही आठवड्यांनी केवळ एक सही होते. रेघ कोठे आणि का चुकली हे कोणी सांगत नाही, याचा जाब कोणाला विचारायचा?

उपयोजित यांत्रिकीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. तुळई आधारांपासून सुटी कल्पून तिच्यावरील सर्व बले बाणांनी दाखवणे, हा त्या विषयाचा श्रीगणेशा. बिजागरीच्या आधाराशी प्रतिक्रियेचे दोन घटक, रोलरच्या आधाराशी एकच. एक बाण राहिला, की पुढचे सारे गणित बिनचूक करूनही उत्तर चुकते. बहुपर्यायी परीक्षा नेमके ते अंतिम उत्तर तेवढे पाहते.

अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात ट्रेसी हॅमंड यांच्या चमूने विकसित केलेली 'मेकॅनिक्स' ही प्रणाली म्हणूनच लक्षणीय वाटते. विद्यार्थी हाताने छपराची वा पुलाची कैची रेखाटतो, बाण जोडतो. संगणक त्या वेड्यावाकड्या रेघा ओळखतो, शिक्षकाने काढून ठेवलेल्या आकृतीशी ताडतो आणि चूक लगेच दाखवतो. संगणकावर रेखाटण्याची कल्पना तशी जुनीच. आयव्हन सदरलँड यांचे 'स्केचपॅड' १९६३ चे.

आपल्याकडे मात्र घाई नको. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन तपासणी अंगावर घेतली, निकाल रखडले आणि कुलगुरूंना पद गमवावे लागले. तेथे तर तपासणारी माणसेच होती! छायाचित्र वाचणारी आजची कृत्रिम बुद्धिमत्ता बरोबर आकृतीलाही ठामपणे चूक ठरवू शकते. तेव्हा यंत्राकडे सरावाची वही द्यावी, गुणपत्रिका नव्हे.

२०२१ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास अनुमती दिली. यंत्राची सूचनाही मग मराठीतच यावी, हे ओघाने आले. ते होईतो विभागप्रमुखांनी एवढे तरी ठरवावे, की शीट स्वीकारताना प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक आकृती समोर काढून घ्यावी आणि चूक त्याच वेळी दाखवावी.