डोळा लाल नाही ना? मग झालं!

"डोळा लाल नाही, दुखत नाही, पोरगी मजेत कार्टून बघतेय. मग कशाला उगाच तपासायचं?" हे ऐकलं की माझी सटकते. "लहान मुलांना कुठं संधिवात होतो?" या वाक्याचं हे सख्खं भावंड!

होतो हो. १६ वर्षांच्या आत सुरू झालेला, किमान ६ आठवडे टिकलेला आणि दुसरं कारण न सापडणारा सांधेदाह म्हणजे जेआयए. यातल्या काही मुलांच्या डोळ्यांच्या आतही सूज येते. तिला युव्हायटिस म्हणतात. काही प्रकारांत डोळा लाल होतो, दुखतो. पण चिमुरड्यांमधला नेहमीचा प्रकार अगदी गुपचूप चालतो. बाहुली भिंगाला चिकटते, मोतीबिंदू होतो, काचबिंदू होतो, आणि घरी पत्ताच नाही. चार वर्षांचं पोर काय सांगणार? एक डोळा अंधुक झाला तर ते दुसऱ्यावर भागवतं.

आमच्या धंद्यात कुणी म्हणालं, की मॉनिटरिंग नको, सर्व्हर पडला की युजरचा फोन येईलच, तर त्याला हाकलतील. इथे मात्र हेच शहाणपण!

बरं, गुडघा बरा झाला म्हणून डोळाही बरा, असंही नाही. सांधे शांत असतानाही डोळा सुजू शकतो. आणि तक्त्यावरची अक्षरं वाचून ही सूज कळत नाही. स्लिट लॅम्पच लागतो.

"डॉक्टर लोक तपासण्यांतून पैसे काढतात," हा आक्षेप मला मान्य आहे. काढतात काही जण. पण या तपासणीत सुई नाही, एक्स-रे नाही, काही मिनिटांचं काम. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या शिफारशींत जास्त धोक्याच्या मुलांसाठी दर ३ महिन्यांनी तपासणी सांगितली आहे. उदाहरणार्थ, मोजके सांधे धरलेत, एएनए पॉझिटिव्ह आहे, आजार ७ च्या आत सुरू झाला आणि त्याला ४ वर्षं उलटलेली नाहीत, अशी मुलं. बाकीच्यांना ६ ते १२ महिन्यांनी. वेळेत सापडलं तर स्टेरॉइडचे थेंब, मेथोट्रेक्सेट, अडालिमुमॅब असे उपाय आहेत. गेलेली नजर मात्र दरवेळी परत येत नाही.

म्हणून मागणी एकच. सांध्यांच्या फाइलवर, पहिल्याच पानावर, डोळ्यांच्या पुढच्या तपासणीची तारीख हवी. डॉक्टरांनी लिहिली नसेल तर आईबापांनी तिथंच बसून लिहून घ्यावी. भिडेखातर गप्प बसू नका. पोरगी स्वतःहून सांगणार नाहीये.