भाकितातला नायक आयता असतो काय?

व्हिडिओ गेममधला भाकितातला नायक म्हणजे आयता नायक, असा एक आक्षेप आहे. पराक्रम आधीच लिहून ठेवलेला, खेळणाऱ्याने नुसती बटणे दाबायची. देवकीचा आठवा पुत्र आकाशवाणीने आधीच नेमून दिला, तसाच हा प्रकार. आक्षेपकांना व्हर्जिनियातल्या हर्नडन गावाचे नावच दाखल्याला पुरते. ज्याच्यावरून ते पडले, तो विल्यम लुइस हर्नडन ‘सेंट्रल अमेरिका’ जहाजाचा कप्तान. सप्टेंबर १८५७ मध्ये वादळात जहाज बुडू लागले, तेव्हा त्याने बायकामुलांना आधी होड्यांत उतरवले आणि स्वतः जहाजाबरोबर बुडाला. त्याच्याविषयी कोणी काही वर्तवले नव्हते.

बऱ्याच खेळांपुरता हा आक्षेप खराच आहे. पण हर्नडनहून पोटोमॅक नदी ओलांडली की मेरीलँडमधले रॉकव्हिल फार लांब नाही, आणि तिथल्या बेथेस्डा कंपनीच्या ‘मॉरोविंड’ला (२००२) तो लागू पडत नाही.

या खेळातला नायक सेडा नीन बंदरात उतरतो तो कैदी म्हणून. जन्मदिवस भाकिताशी जुळतो, आईबाप अज्ञात. एवढ्यावर सम्राटाने त्याला धाडलेले. म्हणजे भाकीत हे इथे राजकारणातले प्यादे. उर्शिलाकू टोळीची जाणती निबानी मेसा तर तोंडावर सांगते की तो नेरेव्हरीन, म्हणजे भाकितातला नायक, नाही, फार तर होऊ शकेल. पुढे एका गुहेत भाकितातली अंगठी हाती येताच आधीच्या दावेदारांची भुते बोलू लागतात, आपापली एखादी वस्तूही देतात. पीकस्टार त्यांतलीच एक. हे सगळे याच वाटेवर निघालेले आणि अर्ध्यात संपलेले.

त्यानंतर चार टोळ्यांची आणि तीन घराण्यांची मान्यता मिळवायची. झैनब टोळीच्या प्रमुखाला तेल्वानी घराण्यातली वधू हवी असते. नायक बाजारातून एक गुलाम बाई विकत आणतो, तिला भारी कपडे चढवतो, अत्तर लावतो आणि तीच घराण्यातली म्हणून उभी करतो. (दैवाने नेमलेल्याचे हे उद्योग!) कप्तान हर्नडन जहाजावर जसा वागला त्यावरून ओळखला गेला, नेरेव्हरीनलाही अशीच एकेक मान्यता कमवावी लागते. आठव्या पुत्राची उपमा इथे चुकते.

भाकिताला लागणारा माणूस मारला गेला, तर भाकिताचा धागा तुटल्याची सूचना पडद्यावर येते: जुना सेव्ह उघडा, नाहीतर याच जगात राहा. म्हणजे भाकीत मोडून राहणाऱ्यालाही, नामशेष झालेल्या ड्वेमर जमातीतला शेवटचा जो याग्रम बागार्न, त्याच्या मदतीने खेळातला खलनायक डागोथ उर याला मारता येते.