‘करिता’ची सही

नगरहून पुण्याच्या वाटेला लागताच येणारे केडगाव हे एके काळी स्वतंत्र गाव होते. आता ते अहिल्यानगर महापालिकेच्या हद्दीतील गजबजलेले उपनगर झाले आहे. तरीही रेणुकामातेच्या या गावी दुकानदार आणि गिऱ्हाईक यांची ओळख केवळ खातेवहीपुरती नसते. कोणाकडे कार्य निघाले, कोणाकडे दुखवटा आहे, हे गल्ल्याशेजारी बसणाऱ्याला बहुधा ठाऊक असते. अशा ठिकाणी पेढीच्या नावाने जाणाऱ्या दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवर सही कोणी करावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. पण तो तसा नाही.

वसुबारसेच्या आधी आठ-दहा दिवस छापील पत्रांचा गठ्ठा कारकुनापुढे येऊन पडतो. मालकांना सवड नसते. मग त्यांच्या सहीचा रबरी शिक्का उमटतो, किंवा कारकूनच मालकांच्या वळणाची हुबेहूब सही गिरवतो आणि त्याबद्दल शाबासकीही मिळवतो. हीच करामत त्याने धनादेशावर केली तर मात्र त्याची रवानगी चौकीत होईल! व्यवहारात कायदा याबाबत चोख आहे. हुंडी, वचनचिठ्ठी व धनादेश यांविषयीच्या १८८१ च्या कायद्याच्या २८ व्या कलमानुसार, आपण दुसऱ्याच्या वतीने सही करीत आहोत असे न दर्शविता जो स्वतःची सही करतो, तो सामान्यतः स्वतःच देणेकरी ठरतो. ‘करिता’ या तीन अक्षरांचे मोल एवढे आहे. पैशाच्या कागदावर जो प्रामाणिकपणा सक्तीचा, तो शुभेच्छेच्या कागदावर अनावश्यक का मानावा?

दुसऱ्याच्या वतीने लिहिणे आपल्याला नवे नाही. शिवकालात आणि पेशवाईत पत्र चिटणीस लिही, धन्याची मुद्रा वर व मोर्तब शेवटी होई. अक्षर चिटणिसाचे, आज्ञा धन्याची, हे वाचणाराही जाणून असे. कोणाची फसवणूक होत नसे. छापील शुभेच्छापत्राचा उगमही सवडीच्या अभावातच आहे. १८४३ मध्ये लंडनच्या हेन्री कोल यांना नाताळची पत्रे हाताने लिहिण्यास वेळ पुरेना, म्हणून त्यांनी चित्रकार हॉर्सली यांच्याकडून चित्र काढवून पत्रे छापून घेतली. परंतु त्यांतही घेणाऱ्याचे आणि देणाऱ्याचे नाव लिहिण्यास जागा मोकळी सोडलेली होती.

त्या मोकळ्या जागेतच खरी गोम आहे. हाताने सही करणाऱ्याला ते पत्र कोणाला जात आहे हे क्षणभर तरी पाहावे लागते. यादीतले गृहस्थ श्रावणात वारले, हे त्याला तेथे आठवते. ज्या घरी वर्षभर सण करावयाचा नाही, त्या घरी पणत्यांचे सोनेरी चित्र आणि ‘आनंदाची, भरभराटीची’ असा मजकूर, तोही मृताच्याच नावे, जाऊन पडणे यासारखा ओरखडा नाही. माणूस ते पत्र बाजूला काढतो, भेटीला जातो किंवा साध्या कागदावर चार ओळी लिहितो. शिक्क्याला हे कोठून कळावे?

सरकारी कचेऱ्यांपुरता हा प्रश्न खर्चाच्या अंगाने मिटला. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०२० साली मंत्रालये, सार्वजनिक उपक्रम व सरकारी बँका यांना सणांची शुभेच्छापत्रे छापण्यास मनाई केली. खाजगी पेढ्याही आता मालकांच्या छायाचित्रासह शुभेच्छा भ्रमणध्वनीवरून एका दाबासरशी शेकडो घरी धाडतात. टपालहशील वाचले हे खरे. पण यादी तीच राहिली, आणि तिच्यावरून नजर फिरविणारे मात्र आता कोणी उरले नाही.

तेव्हा पत्रे थोडी पाठवावीत. मालकांनी जमतील तेवढ्यांवर स्वतः सही करावी. उरलेल्यांवर कारकुनाने पेढीच्या नावाखाली ‘करिता’ लिहून आपलीच सही करावी. केडगावच्या गिऱ्हाइकाला तोही परका नाही. उधारीचा तगादा त्याच्याच तोंडून आलेला असतो! मात्र हा गठ्ठा त्याला घरी न्यावयास लावू नये. कामाच्या वेळात, खातेवही शेजारी ठेवून हे काम व्हावे. आणि यादीतील एखादे नाव बाजूला काढण्याची मुभा त्याला स्पष्ट शब्दांत दिलेली असावी. अनेक ठिकाणी आज ती त्याला नाही.