पॅरामेडिकल डिप्लोमा : फीबरोबर बुडणारी मजुरीही मोजा

बारावीचा निकाल लागला की मालेगाव-भिवंडीपासून मिरज-चिपळूणपर्यंत पॅरामेडिकल कोर्सच्या जाहिराती सुरू होतात. लॅब टेक्निशियन, एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर असिस्टंट. आणि खाली ठळक अक्षरांत 'शंभर टक्के नोकरी'. डॉक्टरकीची फी ज्याच्या आवाक्याबाहेर आहे, तो दुकानदार किंवा कारागीर बाप या दोन वर्षांच्या डिप्लोमाकडे आशेने पाहतो. त्यात गैर काही नाही. मात्र नवा माग घेताना वीज किती खाईल, कापड किती निघेल, पैसे कधी सुटतील हे दहा जणांना विचारणारी आपली माणसे मुलाच्या शिक्षणात लाख-दीड लाख घालताना एकही प्रश्न विचारत नाहीत. हा व्यवहारही वहीवर मांडला पाहिजे, असे आमचे मत आहे.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. ते प्रत्येकाने आपापल्या गावाप्रमाणे बदलावेत. समजा, फी वर्षाला ६० हजार. दोन वर्षांची १ लाख २० हजार. जाणे-येणे, पुस्तके, परीक्षा यांसाठी महिना २ हजार धरले तर ४८ हजार. झाले १ लाख ६८ हजार. बहुतेकांचा हिशेब इथेच संपतो. पण तोच मुलगा दुकानात किंवा कारखान्यात असता तर महिना ८ हजारांचे काम करता. दोन वर्षांची ती बुडालेली मजुरी १ लाख ९२ हजार होते. म्हणजे खरे भांडवल ३ लाख ६० हजार, फीच्या तिप्पट!

आता मिळकत. सुरुवातीचा पगार १४ हजार मिळाला असे धरू. धंद्यात राहिला असता तर तोवर त्याची मजुरी १० हजार झाली असती. तेव्हा डिप्लोमाची खरी कमाई महिना ४ हजारच. या गतीने भांडवल सुटायला साडेसात वर्षे लागतील. पगार २० हजार असेल तर तीनच वर्षे. म्हणून प्रवेश घेण्याआधी जाहिरात बाजूला ठेवावी आणि गावातल्या दोन-तीन इस्पितळांत जाऊन नव्या टेक्निशियनला प्रत्यक्ष किती पगार देतात ते विचारावे. सगळा हिशेब त्या एका आकड्यावर उभा आहे.

हाच हिशेब मुलीच्या बाबतीत मांडला तर चित्र पालटते. जिला घरी बसवायचेच ठरले आहे, तिची मजुरी बुडण्याचा प्रश्न नाही. भांडवल १ लाख ६८ हजार, आणि १४ हजारांचा पगार सगळाच नवा. बारा महिन्यांत पैसे सुटतात. ती घरी शिवण किंवा जरीकाम करून महिना ३ हजार मिळवत असली, तरी ती मजुरी धरून दोन वर्षांच्या आत हिशेब मिटतो. मुलाला कोर्सला पाठवून मुलीला घरी ठेवणारा बाप व्यापारी म्हणूनही तोट्यात आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे.

हे सारे गणित कोर्स खरा असेल तरच. २०२१ मध्ये केंद्राने अलाइड हेल्थ व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यातील व्याख्येप्रमाणे डिप्लोमा किंवा पदवीचे शिक्षण किमान २ हजार तासांचे आणि दोन ते चार वर्षांत पसरलेले हवे. सहा महिन्यांत टेक्निशियन बनवणाऱ्या क्लासचा कागद या कसोटीला उतरत नाही. संस्थेला तीन प्रश्न विचारा : मान्यता कोणाची? नोंदणी कोणत्या कौन्सिलकडे होईल? प्रत्यक्ष काम कोणत्या इस्पितळात शिकवता? उत्तर लेखी मिळत नसेल तर फी भरू नये. आखाताच्या आशेवर कोर्स घेणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहावे. तिकडे प्रमाणपत्रांची पडताळणी होते, परीक्षा असते आणि अनुभवही मागतात.

पुढे स्वतःचा धंदा काढण्याचा विचार असेल तर कोर्स निवडतानाच कायदा पाहावा. लॅबचा डिप्लोमा घेऊन स्वतःच्या सहीने रिपोर्ट देता येईल, असे अनेकांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले, की रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. उलट दोन वर्षांचा डी.फार्म आणि ५०० तासांचे प्रशिक्षण पूर्ण करून फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी झाली, की मेडिकल स्टोअर स्वतःच्या जबाबदारीवर चालवता येते. आज दुसऱ्याचे सर्टिफिकेट भाड्याने लावून दुकान चालवण्याची बेकायदा रीत आहे. तिची भीती मग उरत नाही. ज्याच्या हाती दुकानाची जागा आणि धंद्याची सवय आहे, त्याच्या मुलाने आधी या वाटेचा विचार करावा.

पैसा उभा करताना दुकानाचे खेळते भांडवल मोडू नये. राज्य सरकारने २००० मध्ये स्थापन केलेले मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देते. व्याज नको असणाऱ्यांनी जमातीच्या बैतुलमालकडे कर्जे हसना मागावे. जमातींनीही शादीखाने बांधताना या खात्यासाठी काही रक्कम बाजूला काढावी. हप्ता अपेक्षित पगाराच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त बसत असेल, तर स्वस्त संस्था शोधावी.

मान्यता खरी, इस्पितळ खरे आणि पगाराचा आकडा स्वतः विचारून घेतलेला. या तिन्ही गोष्टी जुळल्या तर हा सौदा चांगला आहे. त्यातली एकही कमी असेल तर मुलाने आणखी एक वर्ष दुकानात बसावे आणि चौकशी चालू ठेवावी. वर्ष गेले तर भरून काढता येते. खोट्या कागदावर घातलेले साडेतीन लाख परत येत नाहीत.