फोनला कडी लावा



पूर्वी पीकपेरा लिहायला तलाठी रानात यायचा. यायचा म्हणजे काय, बहुतेक वेळा चावडीत बसूनच लिहायचा आणि ज्वारीच्या रानात सातबाऱ्यावर भलतेच पीक उगवायचे. १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि ते काम आपल्या गळ्यात आले. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस घालायचा (लांब धाग्याला क्विंटलला ८११० रुपये), तर आधी 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी करा असे ठरले. म्हणजे फोन हे आता औतच झाले. औताचा फाळ आपण पाजवून घेतो. फोन मात्र दुकानदाराने दिला तसाच वापरतो.

चोराला हे ठाऊक आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पी.एम. किसानच्या नावाने फाईल येते. नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरे असतात. हप्ता अडकला आहे, फाईल उघडा, असा मजकूर. उघडली की अ‍ॅप बसते आणि मेसेज वाचायची परवानगी मागते. परवानगी दिली की बँकेचा ओटीपी चोराच्या हाती, आणि कापसाची पट्टी खात्यात जमा झाली तशी निघून जाते. म्हणून सेटिंगमध्ये 'अज्ञात अ‍ॅप' असे शोधा आणि व्हॉट्सअ‍ॅप व क्रोम यांच्यापुढची परवानगी बंद करा. सरकारी अ‍ॅपसुद्धा प्ले स्टोअरमधूनच घ्या, नाव दोनदा वाचून. पैसे गेलेच तर लोक हसतील म्हणून गप्प बसू नका. त्याच घटकेला १९३० वर फोन लावा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवता येतात.

पाहणीसाठी अ‍ॅपला आपली जागा कळावी लागते, फोटो लागतो. ते रास्त आहे. पण त्यासाठी बारा महिने तेरा काळ आपला ठावठिकाणा कशाला द्यायचा? परवानगी विचारली की 'अ‍ॅप वापरताना' एवढेच निवडा. कर्ज देणारी अ‍ॅपे तर सोयऱ्याधायऱ्यांचे नंबर आणि घरचे फोटो मागतात आणि हप्ता थकला की त्याच सोयऱ्यांना फोन करतात. जुना सावकारही घरातली पेटी उघडून दाखव म्हणत नव्हता. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच याला मनाई केली आहे. असे अ‍ॅप दिसले की काढून टाका.

आता बॅटरी. रेंज नसलेल्या रानात फोन सारखा टॉवर शोधतो आणि दुपारपर्यंत मान टाकतो. तिथे विमान मोड लावून ठेवा. पाहणी झाली की लोकेशन बंद करा, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ आपोआप उतरणे थांबवा. त्याने नेटही वाचते. रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरायला जाणाऱ्याचा फोन चालू राहणे ही चैन नव्हे. साप चावला, शॉक बसला, तर हाक मारायला दुसरे काय आहे?

मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढला गेला. खाजगीपणाचा हक्क मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला मूलभूत ठरवला. जमीन तशी, माहिती अशी! पण हा हक्क कागदावर ठेवून आपण पिन नंबर फोनच्या पाठीवर चिकटवतो आणि पाहणी करून दे म्हणून फोन कुणाच्याही पोराच्या हाती देतो.

फोन द्यावाच लागला तर समोर बसा. कुलूप लागलेल्या पडद्यावर ओटीपी दिसत असेल तर तो लपवायची सोय नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये आहे. आणि सरकारला आमचे सांगणे असे की, ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याचा पेरा आणि कापूस अ‍ॅपविना नोंदला गेला पाहिजे. कुणाची तरी मनधरणी करून नव्हे, हक्काने.

वाटूरच्या बैठकीला येताना फोन चार्ज करून आणा. भाषणे सुरू होण्याआधी अर्धा तास, ज्याला येते त्याने शेजाऱ्याच्या फोनमधली 'अज्ञात अ‍ॅप'ची परवानगी बंद करून द्यावी. मायबहिणींच्या फोनपासून सुरुवात करू. घरातला जुना फोन बहुधा त्यांच्याच वाट्याला आलेला असतो.